गुडघाभर खड्डा

चिंगोमा गावात दोन माणसं अशी होती की ज्यांचे पाय जमिनीला लागत नसत. एक मिशनचे पाद्रीबाबा, कारण ते गाडीत असत. दुसरा त्यांचा आचारी मेडसन, कारण तो सायकलवर असे. त्यातही पाद्रीबाबा निदान गाडीतून उतरत तरी. मेडसन उतरत नसे. हापशापाशी बायका दिसल्या की एक पाय हापशाच्या कट्ट्यावर टेकवायचा, दुसरा पायडलवरच ठेवायचा आणि मान तिरकी करून विचारायचा, "काय, कसं काय चाललंय तुम्हा गावकऱ्यांचं?" जसा काही हा तालुक्याहून तपासणीला आलेला साहेब! त्याच हापशाच्या चिखलात हा उघडा लोळून वाढला हे पाहिलेल्या म्हाताऱ्या तिथंच उभ्या असत, पण बोलत नसत. बोलायची गरजच नव्हती. तो वळला की हसायच्या.

एकोणीस वर्षं तो मिशनच्या बंगल्यात पाव भाजत होता. पांढरा एप्रन घालूनच घरून निघायचा, म्हणजे वाटेत सगळ्यांना दिसावा. बाजारात मासळीवाल्याशी बोलताना "आम्ही मिशनवाले" असं म्हणायचा. आणि त्याच्या फुशारकीचा कळस म्हणजे पाद्रीबाबांचं पत्र.

पाद्रीबाबांचं नाव डेलबर्ट हॅवरकॅम्प. ते कुठल्याशा देशातून आले होते, जिथं म्हणे थंडीत गाईंच्या गोठ्यालाही शेकोटीची ऊब देतात. दर महिन्याला ते आपल्या मायदेशातल्या सोळा चर्चमंडळ्यांना एक पत्र पाठवत. त्यात आमच्या गावचं रोजचं जगणं आणि त्यावर त्यांचं मनन. मनन करायला त्यांना काहीही चाले. बकरीनं मोजा खाल्ला तर सहनशीलतेवर मनन. पाण्याची टाकी गळली तर कृपेवर मनन. एकदा त्यांना तीन दिवस हगवण लागली, तर त्यावरही दीड पान लिहिलं होतं, 'रिते होणे' असा मथळा घालून. हे सगळं टाइप झालं की आमच्या घराएवढ्या उंच वारुळावर चढायचं, फोन आभाळाकडे धरायचा आणि रेंज आली की पाठवायचं. खालून पाहणाऱ्याला वाटावं, बुवा स्वर्गाकडून काही झेलतोय.

पत्रात आमचं गाव कसं असे? अंधारात चाचपडणारं. आता तुम्हीच सांगा, आमच्या विटांच्या देवळाला शंभरावर वर्षं झाली. आमच्या पणज्यांचे बाप्तिस्मे झालेले. मेडसनची आई एलिनाती आजी, वय ऐंशीच्या पुढं, दोनशे स्तोत्रं तोंडपाठ, आणि पाद्रीबाबा गाताना चुकले की पहिल्या बाकावरून "हं!" असा आवाज काढायची. त्या गावाला हा गृहस्थ उजेड दाखवायला आला. बरं, आला तर आला. पाहुण्याला आल्याबद्दल कुणी बोलू नये.

पत्रात मेडसनचं नाव हमखास असे. 'माझा साधाभोळा बंधू मेडसन.' टेबल पुसताना मेडसन ते वाचायचा आणि संध्याकाळी आंब्याखाली येऊन सांगायचा, "सोळा ठिकाणी माझं नाव जातं. तुमचं नदीपलीकडे तरी जातं का?"

"साधाभोळा म्हणजे काय रे?" कुणीतरी विचारायचं.

"तुम्हाला नाही कळायचं ते," मेडसन म्हणायचा. आणि खरंच, त्या सगळ्यांत न कळलेला तो एकटाच होता.

पाद्रीबाबांची दुसरी खोड त्याहून भारी. गावाच्या दक्षिणेला आमची राई आहे, आमची माणसं जिथं पुरलेली आहेत ती. तिथली काडी कुणी मोडत नाही. मयत घेऊन जायचं, परत यायचं, मागं बघायचं नाही. विनाकारण तिकडं फिरकणाऱ्याबद्दल काय बोललं जातं ते मी इथं लिहीत नाही. तर आमच्या पाद्रीबाबांनी सावली बघून नेमकी तीच जागा मननासाठी निवडली. रोज सकाळी घडीची खुर्ची, कॉफीचा थर्मास, मांडीवर वही. पाऊण तास.

पहिल्या वर्षी गावाचा कारभार बघणाऱ्या पाटलीणबाईंनी मेडसनला बोलावून घेतलं होतं. "तुझा साहेब चेटूक करतो का रे?"

"नाही हो बाई. चिंतन करतात."

"आमचे चेटकेही चिंतनच करतात. पण ते अंधारात करतात, थोडी लाज असते त्यांना. हा दिवसाढवळ्या कॉफी पितो."

असा हा माणूस, मयत नसताना रोज राईत, आणि मयत असताना कधीच नाही. आलाच तर दहा मिनिटं. मनगट वळवून घड्याळ बघायचं, एक प्रार्थना म्हणायची आणि गाडी चालू. नोकरी देतानाच त्यांनी मेडसनला बजावलं होतं, "तुमच्याकडे एक अंत्यविधी तीन दिवस चालतो आणि वर्षात चाळीस अंत्यविधी असतात. मग स्वयंपाक कोण करणार? मेलेल्यांची चिंता देव करील." मेडसननं मान डोलावली. त्यालाही ते पटलं असणार, कारण मयताला जमिनीवर बसावं लागतं, आणि एप्रन पांढरा होता.

पण आमच्याकडं बाकी सगळं माफ होतं, मयत चुकवणं माफ होत नाही. म्हणून एलिनाती आजीनं एक युक्ती काढली होती. प्रत्येक मयताला ती दोन टोपल्या पीठ घेऊन जायची, एक स्वतःची आणि एक मेडसनची. बायकांच्या घोळक्यात बसायची, रडायची, गायची. मग बऱ्याच वेळानं कण्हत मांडी बदलायची आणि म्हणायची, "हं, आता ही मेडसनच्या वाटची." आणि पुन्हा तेवढाच वेळ बसायची. एकोणीस वर्षं म्हातारी प्रत्येक मयताला दोनदा बसली. तिचे गुडघे त्यातच गेले. मेडसनची मात्र समजूत, की आपली हजेरी लागते आहे.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, उन्हानं पत्रे तडतडत असताना, मेडसन कणीक मळत होता आणि शेजारीण डाइलेसी मागच्या दारी येऊन उभी राहिली. धावत आली होती.

"मेडसन, आई गेली."

"कुणाच्या मयताला?" मान वर न करता मेडसननं विचारलं.

डाइलेसीनं त्याच्या हाताखालची परात ओढून बाजूला घेतली. मग म्हणाली, "स्वतःच्या."

पाद्रीबाबांनी बातमी ऐकली, मेडसनच्या पिठाळ खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले. वाईट त्यांना खरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटण्याचीही त्यांची वेळ ठरलेली असे. "मेडसन, मी अत्यंत दुःखी आहे. तू आज आणि उद्या सुट्टी घे. पेटीसाठी फळ्या घे. गाडी वापर. उद्या तीन वाजता मी स्वतः येऊन प्रार्थना करीन. फक्त शुक्रवारी पाहुणे आहेत, तेव्हा पाव..."

"होईल साहेब," मेडसन म्हणाला. आई मेलेल्या माणसानं पावाचा शब्द दिला!

बुधवारी सकाळी घरात बायका म्हातारीभोवती बसून गात होत्या. दारात फळ्यांची गुळगुळीत पेटी, अंगणात मिशनची गाडी. मेडसनला वाटलं, असं मयत चिंगोमात कुणाचं झालं नसेल. आणि अंगणातल्या आंब्याखाली आठ नातू बावोचा पट मांडून बिया खेळत होते. कुदळी झाडाला टेकवलेल्या, कोरड्या.

आमच्याकडं खड्डा खणणाऱ्यांना नातू म्हणतात, वय काही का असेना. त्यांचा म्होरक्या ग्वेडेझा याला स्वतःची सात नातवंडं होती, तरी मयताच्या दारात तो नातूच. मेलेल्याच्या कुळातल्या माणसानं कुदळीला शिवायचंसुद्धा नाही, हा आमचा कडक नियम. परक्या कुळातल्या नातवांनीच खणायचं. आणि म्हणून त्या दिवशी राज्य त्यांचं. कोंबडी आधी त्यांना, आणि घरच्यांची हवी तेवढी टवाळी करायचा हक्कही त्यांना. ते उठले नाहीत तर मयत उठत नाही. आणि ऑक्टोबराच्या उन्हात मयत किती वेळ ठेवता येतं ते सांगायला नको.

दहा वाजले तरी बिया खुळखुळतच होत्या. मेडसन जवळ गेला.

"ग्वेडेझादादा, ऊन चढलं. निघायचं ना?"

ग्वेडेझानं पटावरून नजर काढली नाही. "ऐकलंत का रे? आज मी दादा झालो. कालपर्यंत 'तुम्ही गावकरी' होतो."

"थट्टा नको दादा. आई आहे माझी."

"हो, आईच ती. आमच्या दारी दोनदा बसणारी बाई. माझा बाप गेला तेव्हा ताप अंगात घेऊन बसली होती. तिच्यासाठी मी दगडातसुद्धा खणीन." ग्वेडेझानं एक बी उचलली, पुढच्या खळग्यात टाकली. "पण कुदळ मागायला घरचा माणूस यावा लागतो. या घरचा माणूस आम्हाला ठाऊक नाही. एकोणीस वर्षं या घरातून एक जादा टोपली यायची, आणि म्हातारी म्हणायची, ही मेडसनच्या वाटची. हा मेडसन कोण, आम्ही कधी पाहिला नाही. तुम्ही पाहिलात का रे?"

"मी एक सायकल पाहिलीय," दुसरा नातू म्हणाला.

"मी एप्रन पाहिलाय," तिसरा म्हणाला.

"कोंबड्या दोन कापतो," मेडसन घाईनं म्हणाला. "तीन कापतो. पेटी आहे, गाडी आहे..."

"मग गाडीलाच सांग खणायला." ग्वेडेझा आता त्याच्याकडं वळला, आणि त्याच्या आवाजातली मजा गेली. "इतकी वर्षं तुझ्या जागी तू आईला पाठवत होतास. आज आईला पाठव."

अंगणात कुणी हसलं नाही. मेडसन पाटलीणबाईंकडं गेला. त्या भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी पाटलीण जिवंतांची. आज हुकूम त्यांचा." आणि तोंड फिरवून गाणाऱ्या बायकांत सूर मिसळला.

मेडसननं एप्रन काढला. हो, त्या दिवशीही तो एप्रन घालूनच होता, सवयीनं! घडी करायला गेला, पण मग घडी न करताच तो भिंतीशी टाकला, आणि आंब्याखाली नातवांसमोर धुळीत बसला. दुपारपर्यंत कुणी त्याच्याशी बोललं नाही. कोंबडीचं ताट जवळून जाताना ग्वेडेझा म्हणाला, "नीट बस. मांडी बदलायची नाही. तुझी आई दोन वाट्यांच्या मध्येच मांडी बदलायची."

तीन वाजता पाद्रीबाबा आले. गाडी पाठवलेली, म्हणून मोटारसायकलवरून. सगळे बसलेले, पेटी दारात, राईकडं कुणी गेलेलं नाही. मेडसननं त्यांना जमेल तसं सांगितलं. पाद्रीबाबांनी विचारलं, "मग मी काय करू शकतो? मी काहीही करायला तयार आहे."

हे शब्द जपून बोलावेत. ग्वेडेझानं पट मिटला, उठला आणि झाडाला टेकवलेली एक कुदळ उचलून पाद्रीबाबांच्या हातात दिली. "तुम्ही कुठल्या कुळाचे?"

"माझं... इथे माझं कूळ नाही."

"उत्तम! म्हणजे नातूच झालात. ज्यानं घरचा माणूस अडवून ठेवला त्यानं खड्डा मोकळा करावा. चला."

पाद्रीबाबांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, मान मिळतोय. कुदळ खांद्यावर घेऊन ते पुढं निघाले, मागं आठ नातू मोकळ्या हातांनी, त्यांच्या मागं मेडसन. राईच्या तोंडाशी पाद्रीबाबा वळून आनंदानं म्हणाले, "मला वाट माहीत आहे!"

"ते आम्हाला माहीत आहे," ग्वेडेझा म्हणाला.

त्यानं जागा दाखवली. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, गार सावलीत. तिथं जमिनीत चार खळगे रुतलेले होते, खुर्चीच्या चार पायांचे. शेजारी थर्मास ठेवून ठेवून झालेलं एक गोल वर्तुळ. पाद्रीबाबांनी ते पाहिलं आणि त्यांची कुदळ खाली आली.

"इथे? पण इथे तर मी रोज..."

"म्हणूनच. म्हातारीला एकटं वाटायला नको. आणि इतकी वर्षं बसून माती मऊ झाली असेल."

माती कसली मऊ! ऑक्टोबरातली आमची माती म्हणजे भाजलेली वीट. पाद्रीबाबांनी पहिला घाव घातला, कुदळ टणकन उडाली. नातू झाडाला टेकून बसले. "अहो, कमरेतून वाका. पेन नव्हे ते." "यावर मनन करू नका, नाहीतर म्हातारी उठून स्वतः खणायला येईल." शर्ट पाठीला चिकटला, चेहरा टोमॅटोसारखा झाला. तळव्यांना फोड आले, फुटले. खड्डा गुडघाभर झाला तेव्हा त्यांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते. दर बुधवारी सव्वाचारला त्यांचं वारुळावरून फोनवर बोलणं ठरलेलं असे, त्या सोळा मंडळ्यांशी.

खड्ड्याबाहेर येऊन त्यांनी कुदळ मेडसनपुढं धरली. "मेडसन, मला आता निघायला हवं. तू पुढचं कर."

मेडसननं कुदळीकडं बघितलं. ती हातात घेणं म्हणजे आईच्या खड्ड्याला कुळाच्या हातानं शिवणं. आणि न घेणं म्हणजे एकोणीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी पुढं केलेली वस्तू न घेणं. त्याचे हात सवयीनं अर्ध्यापर्यंत वर आलेसुद्धा. नातू हालले नाहीत. ग्वेडेझा डोळे बारीक करून बघत होता.

मेडसननं हात पाठीमागं नेले.

"साहेब," तो म्हणाला, "खणा."

"पण मेडसन, ते लोक वाट पाहत आहेत."

"आईही वाट पाहतेय. ती काल सकाळपासून पाहतेय. खणा."

पाद्रीबाबा त्याच्याकडं असे बघत राहिले, जसा काही ओव्हननं तोंड उघडून जाब विचारला असावा. मग गुपचूप पुन्हा खड्ड्यात उतरले. दोन घाव घातले असतील नसतील, तोच मागून ग्वेडेझा मोठ्यानं हसला. असा हसला की राईतली पाखरं उडाली. "उठा रे! घरचा माणूस सापडला." आठजण एकदम उठले, एकानं धावत जाऊन कुदळी आणल्या, पाद्रीबाबांना काखेत धरून पोत्यासारखं बाहेर काढलं, आणि पाऊण तासात खड्डा छातीएवढा झाला.

एलिनाती आजीला ऊन कलताना मातीत ठेवलं. बायकांनी तिचंच आवडतं स्तोत्र म्हटलं. पाद्रीबाबा एका ओळीत चुकले. पहिल्या रांगेतून "हं!" आलं नाही. तेवढ्यावरून मेडसनला रडू कोसळलं आणि तो मातीत बसून हमसून रडला. कुणी त्याला उठवलं नाही. बसलाय तर बसू दे, एवढं सगळ्यांना कळत होतं.

आता तुम्ही म्हणाल, पाद्रीबाबा शहाणे झाले. छे हो! पुढच्या महिन्याचं पत्र मेडसननं टेबल पुसताना वाचलं आणि आंब्याखाली येऊन आम्हाला सांगितलं, या खेपेला सायकलवरून उतरून. 'गावकऱ्यांनी मला आपल्यातला मानून पवित्र कुदळ माझ्या हाती दिली. माझी प्रार्थनेची जागाच त्यांनी एका वृद्ध भगिनीच्या विश्रांतीसाठी निवडली. माझ्या तळहातांवरील जखमा पाहताना मला...' इथून पुढं जखमांवर दोन पानं मनन. आठ नातवांचा उल्लेख 'काही तरुणांनी हातभार लावला' असा. ग्वेडेझा, सात नातवंडांचा धनी, ते ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आणि तुझं नाव?" त्यानं विचारलं.

"आहे ना. 'माझा साधाभोळा बंधू मेडसन दुःखाने भान हरपून काहीबाही बोलला.'"

मेडसन आता मयत चुकवत नाही. मयताच्या नगाऱ्याचा आवाज आला की कणीक तशीच परातीत ठेवून निघतो. पाव बसतो. पाद्रीबाबा तो दगड चहात बुडवून खातात. एकदा त्यावरूनही नम्रतेवर मनन झालं. राईतली जागा गेल्यामुळं खुर्ची आता बंगल्याच्या ओट्यावर असते.

असेच एकदा बसले असताना त्यांनी मेडसनला विचारलं. आवाज हलका ठेवून, सहज विचारल्यासारखं. "मेडसन, समज, मी इथेच मेलो. तर हे लोक माझ्यासाठी खणतील का?"

मेडसन कप उचलत होता. त्यानं जरा विचार केला. "खणतील ना साहेब. गुडघाभर खणलंत, गुडघाभर पुरतील."

पुढच्या आठवड्यात पाटलीणबाईंचा भाऊ वारला. आम्ही अंगणात जाऊन बघतो तर पाद्रीबाबा आमच्याही आधी हजर. पायी आलेले, धुळीत मांडी घालून बसलेले, घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलेलं. दर थोड्या वेळानं खिशावरून हात फिरवत, पण काढत नव्हते. दुपारी ग्वेडेझानं न बोलता कुदळ पुढं केली आणि त्यांनी न बोलता घेतली. त्या दिवशी मांडीपर्यंत गेले.

पत्रात त्याला त्यांनी प्रीती म्हटलं असेल. आम्हाला माहीत आहे ते काय होतं. स्वतःच्या उरलेल्या अंगाची काळजी, दुसरं काय! पण खड्ड्याला ते कळत नाही. त्याला फक्त खोली कळते.